चौकीवरून फोन आलाय, जबाबाला वकील घेऊन जावं का?

बी_विंगचा_सचिव (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन पदरात घ्या.

कोथरूडमधली आमची ३६ फ्लॅटची जुनी सोसायटी. मी दोन वर्षं सेक्रेटरी आहे (कोणीच उभं राहिलं नाही म्हणून). पावसाळ्याआधी बाहेरून रंगकाम काढलं होतं. गेल्या बुधवारी झुल्यावरचा एक पेंटर दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. आम्हीच गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. त्यांनी एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवलं.

आज दुपारी मोबाइलवर फोन. "चौकीवरून बोलतोय. सेक्रेटरी तुम्हीच ना? उद्या अकराला येऊन जा, जबाब घ्यायचाय. चेअरमनना पण आणा." मी विचारलं, काही लेखी देणार का? तर म्हणाले, "अहो, पाच मिनिटांचं काम, लेखी कशाला?"

घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते वकिलाशिवाय पाय ठेवू नकोस. सासरे म्हणतात वकील नेलास तर चोराच्या मनात चांदणं असंच दिसेल. चेअरमन काका ७१ वर्षांचे, त्यांनी रक्तदाबाची जादा गोळी घेतलीय.

आम्ही काही लपवत नाही. पण ठेकेदाराबरोबर साध्या कागदावरचा करार आहे आणि बेल्टबिल्टबद्दल त्यात एक अक्षर नाही. काय करू?

---

पेठेतला_पेन्शनर (सोमवार, रात्री ९.५८)

"पाच मिनिटांचं काम" हे मी आयुष्यात तीन ठिकाणी ऐकलंय. चौकी, बँक आणि दातांचा दवाखाना. डबा घेऊन जा.

---

जर्सीसिटीकर (सोमवार, रात्री १०.२०)

एकच सल्ला: तोंड उघडू नका. इथे अमेरिकेत लहान पोरालाही माहीत असतं, पोलिसांना "मला वकील हवा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. १९६६ च्या मिरांडा निकालापासून ताब्यातल्या माणसाला चौकशीआधी हे अधिकार वाचून दाखवावे लागतात. निर्दोष माणसाने तर अजिबात बोलू नये, कारण तोच मोकळेपणाने बोलून अडकतो.

---

काळाकोट_शिवाजीनगर (सोमवार, रात्री ११.०५)

जर्सीसिटीकर, तिकडचं तिकडे ठीक. पण सचिवांनी हा सल्ला इकडे जसाच्या तसा वापरला तर तोंडावर आपटतील. (आणि तुमच्याकडेही नुसतं गप्प बसून भागत नाही. मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय, हे स्पष्ट बोलावं लागतं. २०१० मध्ये तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय.)

शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सचिव, आधी आपण कुठल्या खुर्चीत बसणार आहोत ते विचारा. वकील न्यायचा की नाही हे त्यानंतर. तुम्ही साक्षीदार आहात, की तुमच्यावरच संशय आहे? साक्षीदार असाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७९ खाली पोलीस तुम्हाला बोलावू शकतात, पण लेखी आदेशाने. फोन म्हणजे विनंती. कलम १८० प्रमाणे साक्षीदाराने खरी उत्तरं द्यायची असतात. अमेरिकेसारखं "नो कमेंट" इथे साक्षीदाराला चालत नाही. सूट एकच: ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) हेच सांगतं.

संशयित असाल तर नोटीस कलम ३५(३) ची येईल. जुने लोक तिला अजून "४१ अ ची नोटीस" म्हणतात. ती आली म्हणून घाबरायचं नाही. हजर राहून सहकार्य करत असाल तर एरवी अटक करता येत नाही, करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मात्र ती धुडकावली की अटकेला कारण तुम्हीच दिलंत. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावलंय.

तुमच्या प्रकरणात धोका असा की खुर्ची मधल्यामधे बदलू शकते. हलगर्जीपणाने गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहिता कलम १२५. आज ठेकेदार आरोपी आणि तुम्ही साक्षीदार. उद्या तुमच्याच तोंडचं एक वाक्य तुम्हाला पलीकडच्या बाकावर नेऊन बसवेल. म्हणून जायच्या आधी वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. सोबत न्यायचं की नाही ते नंतर ठरवा.

आणि चेअरमन काकांना गोळी घेऊ नका म्हणावं. कलम १७९ मध्येच आहे: साठीच्या वरचा पुरुष, पंधरा वर्षांखालचा मुलगा, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती, यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. जुन्या कायद्यात हे वय ६५ होतं, १ जुलै २०२४ पासून ६० झालं.

---

निवृत्त_अंमलदार (मंगळवार, सकाळी ६.१५)

बाईंनी कायदा बरोबर सांगितला. मी ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ठाणे अंमलदार म्हणून, तेव्हा टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

चौकीतल्या माणसाच्या डोक्यावर एका वेळी पंधरा-वीस कागद असतात. बंदोबस्त, गणपती, व्हीआयपी, त्यातून उरलेल्या वेळात जबाब. तुमचा फोन त्याने वाईट हेतूने केला असेल असं धरू नका. त्याला एमएलसीचा कागद निकाली काढायचाय. पण निकाली काढायच्या घाईतच घोळ होतात, हेही तितकंच खरं.

साधा प्रश्न विचारा: "साहेब, गुन्हा दाखल झालाय का, का अजून चौकशीच चालू आहे?" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुन्हा दाखल झाल्यावर तपासात घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते, कायद्यात तसं स्पष्ट आहे. पूर्वी कलम १६२ होतं, आता १८१. गुन्हा दाखल व्हायच्या आधी अर्जाच्या चौकशीत घेतात त्या जबाबावर मात्र सही घेतली जाते. तो कागद तुमच्या सहीनिशी फाइलला लागतो, म्हणून तिथे शब्द दुप्पट मोजून वापरा. लोक नेमकं उलटं करतात. चौकशीच तर आहे म्हणून घडाघडा बोलतात आणि एफआयआर झाल्यावर वकील शोधत फिरतात.

एफआयआर झाला असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो. तारीख आणि पोलीस ठाणं टाकून शोधा. काही संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत, पण तुमचा दिसायला हवा.

वकील आणलात म्हणून कोणी रागावत नाही. रागावला तरी त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त वकिलाने आल्या आल्या आवाज चढवला तर पाच मिनिटांचं काम तीन तास चालतं. अनुभव आहे.

---

पर्वती_पायथा (मंगळवार, सकाळी ८.३०)

सगळं छान चाललंय. पण आमच्या वस्तीतल्या पोराला फोन येत नाही. दोघं येतात, बाइकवर मध्ये बसवतात आणि नेतात. मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाला रात्री अकराला नेलं, कुणाच्या तरी मोबाइलचोरीत. आई रात्रभर ठाण्याच्या पायरीवर. "अटक नाही, विचारपूस चाललीय" एवढंच सांगायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सोडलं, चोर भलताच निघाला. कलम १७९ चा लेखी आदेश आम्ही कुणाला मागायचा होता? बाइकवर मध्ये बसून?

---

काळाकोट_शिवाजीनगर (मंगळवार, सकाळी ९.१०)

पर्वती_पायथा, तुमचा राग रास्त आहे. "विचारपूस" नावाचं कोणतंही खातं कायद्यात नाही. माणूस स्वतःच्या मर्जीने उठून घरी जाऊ शकत असेल तर तो मोकळा. जाऊ शकत नसेल तर तो अटकेत, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणि अटक म्हटली की घड्याळ सुरू होतं: प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर. अटक का केली ते सांगायचं, साक्षीदारासमोर अटकेचा पंचनामा करायचा, घरच्यांना कळवायचं. १९९६ च्या डी. के. बसू निकालात हे सगळं लिहून ठेवलं, आता कायद्यातच आहे.

अशा वेळी आईने पायरीवर नुसतं बसून राहू नये. नियंत्रण कक्षाला ११२ वर फोन करून सांगावं की माझा मुलगा अमुक ठाण्यात अमुक वाजल्यापासून आहे. त्या फोनची नोंद होते, वेळेसकट. दुसरा फोन १५१००, विधी सेवेची हेल्पलाइन. ताब्यातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बायकांनाही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच आहे. वनाजहून मेट्रोत बसलं की जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं. (गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यात तारीख निघून जाईल.)

अटकेतल्या माणसाला चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, कलम ३८. पण त्यातच पुढे लिहिलंय, "संपूर्ण चौकशीभर नाही". म्हणजे पूर्ण वेळ वकील शेजारी बसला आहे असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात (त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री) सर्वोच्च न्यायालय बरंच पुढे गेलं होतं. गप्प राहण्याचा हक्क कोर्टात सुरू होत नाही, पोलिसांच्या पहिल्या प्रश्नापासून असतो, आणि आरोपीला वकील जवळ हवा असेल तर नाकारू नये, असं. प्रत्यक्षात वकील व्हरांड्यातच असतो. तरी व्हरांड्यात तो आहे एवढ्यानेही आतल्या आवाजाची पट्टी उतरते.

---

विधी_तृतीयवर्ष (मंगळवार, सकाळी ९.४०)

पण मॅडम, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही ना? पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम २५, आता साक्ष अधिनियमाचं २३. मग बोललं काय आणि न बोललं काय?

---

काळाकोट_शिवाजीनगर (मंगळवार, सकाळी ९.५२)

परीक्षेत एवढं लिहिलंस तर अर्धे गुण. कबुली चालत नाही, पण ताब्यातला आरोपी म्हणाला "सुरी मुठेकाठी पुरलीय" आणि तिथे सुरी सापडली, तर तेवढा भाग चालतो. पूर्वीचं कलम २७, आता त्याच २३ मध्ये परंतुक (म्हणजे अपवाद) म्हणून आहे. शिवाय साक्षीदाराचा जबाब पुरावा नसला तरी उलटतपासणीत "तेव्हा तर तुम्ही असं म्हणाला होतात" म्हणून तोंडावर फेकला जातो. आणि तुझ्या बोलण्यातून तपासाला जी दिशा मिळते ती कुठल्या कलमाने परत घेणार?

---

बाणेरची_मावशी (मंगळवार, सकाळी १०.०५)

सगळे पोलिसांपासून लांब राहायलाच सांगतायत, म्हणून माझंही लिहिते. तीन वर्षांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर आमच्या पुढच्या दुचाकीला ट्रकने उडवलं. आम्ही त्या मुलाला उचलून नेलं. नवरा म्हणत होता, नाव देऊ नकोस, कोर्टाच्या खेपा लागतील. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तशी तरतूद आहे, हे मला हॉस्पिटलमधल्या पोलिसानेच सांगितलं. तरी मी नाव दिलं आणि जबाबही, वकिलाबिकिलाशिवाय. घरी येऊन लिहून घेतला, वीस मिनिटं. ट्रक चुकीच्या लेनमध्ये होता हे सांगणारी मी एकटीच होते. त्या मुलाच्या आईला अपघात दाव्यात त्याचा उपयोग झाला. मी गप्प बसले असते तर?

---

पेठेतला_पेन्शनर (मंगळवार, सकाळी १०.१२)

मावशी, तुम्ही ट्रक चालवत नव्हतात. सचिवांनी झुला बांधलेला नसला तरी झुल्याचा चेक त्यांच्या सहीचा आहे.

---

चिंचगूळ (मंगळवार, सकाळी १०.२०)

इतके प्रतिसाद झाले. तो पेंटर कसा आहे हे कुणी विचारलं का?

---

बी_विंगचा_सचिव (मंगळवार, सकाळी १०.३१)

चिंचगूळ, बरोबर आहे तुमचं. परवा ऑपरेशन झालं, मांडीत रॉड घातलाय. बाविशीचा पोरगा, गावाकडून भाऊ आलाय. सोसायटीने वीस हजार द्यावेत असं मी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. दोघांचं म्हणणं, पैसे दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले मदत म्हणून द्या, रोख नको, चेकने द्या आणि "माणुसकीच्या नात्याने, कोणतीही जबाबदारी मान्य न करता" असा ठराव लिहा. माणुसकीचाही ठराव लागतो.

वकील आमच्या बिल्डिंगमधल्या एकांचे भाचे. ते बरोबर येतायत. निघतो.

---

बी_विंगचा_सचिव (मंगळवार, संध्याकाळी ७.१५)

आलो. सुखरूप. पाच मिनिटांचे दोन तास चाळीस मिनिटं झाले.

सकाळी आधी फोन करून अंमलदार काकांचा प्रश्न विचारला. उत्तर: गुन्हा काल रात्री दाखल झालाय, ठेकेदारावर. म्हटलं, मग मला साक्षीदार म्हणून लेखी मिळेल का? "या तर खरं, इथे देतो." आणि खरंच दिलं, शिक्क्यासकट. मागितलं नसतं तर दिलं नसतं, हेही तितकंच खरं.

चौकीबाहेर जप्त केलेल्या गाड्यांची रांग, एकीच्या सीटमधून पिंपळ उगवलेला. वकील बाहेरच्या बाकावर बसले, आत मी एकटा. हवालदार साधारण माझ्याच वयाचे, अजिबात उद्धट नाहीत, पाणी विचारलं. दोन बोटांनी टाइप करत होते. सुरुवात ठरलेली: "समक्ष विचारले असता सांगतो की, मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहण्यास असून..." मी एक बोलायचो आणि स्क्रीनवर सरकारी मराठी उमटायची. "पोरगा पडला" चं "सदर इसम खाली कोसळला" झालं. तिथपर्यंत गंमत वाटत होती.

वकिलांनी निघताना एकच सांगितलं होतं: जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा, अंदाज सांगू नका, आणि प्रिंट निघाली की प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा. घाई करायला लावली तरी वाचा.

वाचली. चौथ्या परिच्छेदात होतं: "सदर कामगारांनी सेफ्टी बेल्ट लावलेले नसल्याचे मला माहीत होते."

मी बोललो होतो ते असं: पोरगा पडल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, तेव्हा बेल्ट तिथेच गुंडाळून ठेवलेले दिसले.

हवालदारांना दाखवलं. "अहो, अर्थ तोच की. नव्हते लावलेले." म्हटलं, साहेब, "माहीत होते" म्हणजे आधीपासून माहीत होतं असा अर्थ होतो. मला नंतर दिसलं. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. उपनिरीक्षक पलीकडच्या टेबलावरून म्हणाले, "बदला ते. बरोबर बोलतायत." बदललं: "इसम पडल्यानंतर गच्चीवर जाऊन पाहिले असता बेल्ट तेथे ठेवलेले दिसून आले."

कोणी मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. दोन बोटांनी टाइप करणारा दमलेला माणूस, त्याला जे वाक्य रोजच्या सवयीचं ते त्याने लिहिलं. पण सही न बघता ठोकणारा मीच असतो तर काय झालं असतं, या विचाराने चौकीच्या पायरीवर पाय लटपटले.

सहीवरून आठवलं. शेवटी प्रिंट पुढे करून पेन दिलं. मी विचारलं, तपासातल्या जबाबावर सही नसते ना? हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "बरं, राहू द्या."

मोबाइल कोणी मागितला नाही. कराराची झेरॉक्स मागितली, ती दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

---

निवृत्त_अंमलदार (मंगळवार, संध्याकाळी ७.५०)

"माहीत होते" आणि "दिसून आले" यात माणूस आत-बाहेर होतो. चांगलं केलंत. त्या उपनिरीक्षकालाही शाबासकी.

---

जर्सीसिटीकर (मंगळवार, रात्री ९.३०)

म्हणजे शेवटी वकील नेलाच ना!

---

काळाकोट_शिवाजीनगर (मंगळवार, रात्री ९.४४)

नेला, पण तो आत नव्हता, बाकावर होता. आत उपयोगी पडलं ते सकाळचं अर्धा तास बोलणं. तुमच्या सल्ल्याप्रमाणे सचिव गप्प बसले असते तर बेल्ट गच्चीवर होते हे कागदावर आलंच नसतं. ठेकेदाराने "सोसायटीने बेल्ट आणू दिले नाहीत" म्हटलं असतं आणि खोडायला कोणी नसतं. मात्र जबाबात एकही शब्द स्वतःवर शेकणारा असेल, नोटीस ३५(३) ची असेल, किंवा गुन्हा तुमच्याच नावावर असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय घटनेबद्दल अवाक्षर नाही. नाव-पत्ता सांगा, नम्रपणे "वकिलांशी बोलून उत्तर देतो" म्हणा, आणि ते वाक्य दहा वेळा म्हणावं लागलं तरी म्हणा.

---

बाणेरची_मावशी (बुधवार, सकाळी ८.०५)

अवांतर: माझ्या नणंदेला "पोलीस" व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करत होते, मागे अशोकचक्र वगैरे लावून. अशी अटक कायद्यात नाही. कॉल कट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

---

बी_विंगचा_सचिव (तीन आठवड्यांनंतर, रविवार)

धागा वर काढतोय, कुणी कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

चेअरमन काकांचा जबाब घरी झाला. तेच हवालदार आले. काकूंनी पोहे केले. काकांनी १९८७ साली प्लॉट घेतल्यापासून सुरुवात केली, पहिल्या बिल्डरशी झालेलं भांडण, बोअरवेल, सगळं. हवालदारांनी तासाभरात अर्धं पान लिहिलं आणि दुसऱ्यांदा चहा घेतला.

ठेकेदाराला जामीन मिळालाय. पेंटर कुबड्यांवर चालतोय, वीस हजारांचा चेक दिला, ठराव पाच विरुद्ध दोनने. माझं नाव साक्षीदारांच्या यादीत राहिलंय. वकील म्हणाले समन्स यायला काही वर्षंही लागतील, तोवर लेखी आदेश आणि पोच जपून ठेवा. सोसायटीच्या कपाटात ठेवणार नाही, आमच्या देवघराच्या खणात ठेवलीय.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. सेक्रेटरीपदासाठी अजून एकही अर्ज नाही.